सात नंबर उत्तर देत नाही

तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजवर
माझी पहिली रात्रपाळी,
आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत:
सेन्सर सात उत्तर देत नाही.

स्वेटरची बटणं चुकीची लावत मी धावले.
खोली एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
सहानंतर भिंत.
भिंतीपलीकडे रिकामे क्रेट, वजनकाटा,
आणि माझ्याकडे बघून
जांभई देणारं एक कुत्रं.

दोन वाजून दहा मिनिटांनी
विश्रामबागेत मगदूमसाहेबांना उठवलं.
ते म्हणाले, अहो, सातवी खोली बांधलीच नाही.
सहाव्या स्लॅबला संस्थेचे पैसे संपले.
प्रोग्रॅम मात्र सात खोल्यांचा आधीच घेऊन ठेवलेला.
तो आपला दर दहा मिनिटांनी
नसलेलं दार वाजवतो
आणि कोणी नाही म्हणून लिहून ठेवतो.
झोपा आता.
म्हणजे, झोपू नका. पण घाबरू नका.

मला बलवडीच्या शाळेतला जालिंदर आठवला.
हजेरीत सातवा.
दिवाळीनंतर बापाबरोबर गलाईला गेला,
मदुराईकडे कुठंतरी, सोनं वितळवायला,
आणि सुतार गुरुजी वर्षभर त्याचं नाव पुकारत राहिले,
कारण पटावरनं नाव काढायचा कागद
विट्याहून आलाच नाही.
जालिंदर.
दोन सेकंद शांतता.
मग आठवी मी: हजर!
त्या दोन सेकंदांनी
शाळेचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या रात्रीपासून मी वही घातली.
"वेळ मागे गेली."
म्हणजे घड्याळ जरा पुढं पळालं होतं,
कान धरून जागेवर आणलं.
"पोरकी प्रोसेस सापडली, संपवली."
हे वाचून आधी पोटात गोळा आला.
म्हणजे जेवून झालेलं ताट, कुणी उचललं नव्हतं,
ते उचललं.
"प्रिंटर सापडत नाही."
कधी होता? पावत्या शकीलाताई हातानं लिहितात.
"जोडणी नाकारली. पुन्हा प्रयत्न. जोडणी झाली."
आमच्या न्हाणीघराचं दार रोज हेच करतं,
दुसऱ्यांदा खांदा लावावा लागतो.

लिहिणाऱ्याला लहान-मोठं कळत नाही.
त्याला एवढंच सांगितलंय, दिसेल ते लिही.
मी मागची पानं काढून बघितली.
गेल्या वर्षीच्या, काही म्हणजे काही न घडलेल्या रात्री,
त्यांतही ह्याच ओळी, ह्याच लाल रंगात.
भिऊन वाचणारं
कोणी जागं नव्हतं, इतकंच.

मग एप्रिलमधली ती रात्र.
तीन नंबरची तक्रार नाही. एकही नाही.
चार अंश.
चार अंश.
चार अंश.
दोन तास, दशांशसुद्धा हलला नाही.
गारठा असा नसतो हो.
तो ३.८ होतो, ४.३ होतो,
कंप्रेसर दम खातो, कुणी दार उघडतं,
माल आत येतो तो शेडचं ऊन अंगावर घेऊन.
बॅटरी घेऊन गेले.
दार उघडलं तर आतून कोमट, गोड वास,
कंप्रेसर गप्प,
आणि सेन्सर शेवटचा आकडा म्हणत बसलेला,
धडा न समजता पाठ केलेल्या पोरासारखा.

माल वाचला. बराचसा.
मगदूमसाहेब पहाटे आले, गाडीतून उतरता उतरता म्हणाले,
लाल तर काहीच नव्हतं, तुम्हाला कळलं कसं?
मला नीट सांगता आलं नाही.

आता ते विचारतात, सातची ती ओळ बंद करून टाकू का,
एका मिनिटाचं काम आहे.
मी म्हणते, राहू दे.
दोन वाजून दहा मिनिटांनी ती येते.
चहाचा कप खाली न ठेवता
मी हळूच सांगते तिला,
गलाईला गेलाय.