दोन सूत

भांडुपला, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांच्या मुलांचा कल मोजते.
पाटीवर तसं लिहिलंय. खाली फोन नंबर,
त्यातला एक आकडा उन्हानं खाल्लेला.

पडवळ पाटीसमोरच अडले.
म्हणाले, बाई, आमच्या धंद्यात कल म्हणजे खोट.
भिंतीला कल आला की मुकादम आईबाप काढतो,
ओळंबा सोडा, पाडा, परत बांधा.
तुम्ही पोरांचा कल काढता
म्हणजे सरळ करून देता की काय?

हर्षाली त्यांच्या मागे. दहावी नुकतीच संपलेली.
नखांत पांढरं सिमेंट;
सुट्टीत बापाला डबा द्यायला जाते म्हणे, साइटवर.

तीन तास. सात पुस्तिका. घड्याळ माझ्या हातात.
गटात न बसणारा शब्द शोधा.
पहिलं चाक उजवीकडे फिरलं तर पाचवं कुठे?
कागदाची घडी घातली, भोक पाडलं,
उलगडल्यावर भोकं किती, आणि कुठे?
त्या पानावर तिनं आधी पेन्सिल उचललीच नाही.
नुसती बघत राहिली. मग उतरत गेली खाली,
घरचा जिना दिवे गेल्यावर उतरावा तशी,
पंचवीसच्या पंचवीस.

भाषेच्या पानावर मात्र खाडाखोड.
आणि 'मला मनापासून आवडणारं काम'
यापुढची रेघ कोरी.
मी म्हटलं, सुचेल ते लिही.
ती म्हणाली, खरं लिहायचं का?

आठवड्यानं निकाल.
स्तंभ काही उंच, काही ठेंगणे,
मागच्या खिडकीतल्या टॉवर आणि चाळींसारखे.
शतमक म्हणजे काय ते मी समजावत होते,
शंभर मुलं एका रांगेत उभी केली असं समजा…
पडवळ हात धुवायला म्हणून उठले
ते आलेच नाहीत बराच वेळ.

मोरीत उकिडवे बसले होते.
दाराशी साचणारं पाणी, जे नऊ वर्षं
मी न बघता ओलांडते,
ते बोटानं जाळीकडे ढकलून बघत होते.
कुणी बसवली ही लादी?
ढाळच दिला नाही. एकदम सपाट, सरळ.
पाण्यानं बिचाऱ्यानं जायचं कुठे?

दोन सूत, दारातून हर्षाली म्हणाली.
उंबऱ्याकडून दोन सूत उचलायला हवी होती.

हातात पट्टी नाही, लेव्हलची नळी नाही.
बापानं खिशातला टेप काढला, सुतळी ताणली,
एक डोळा मिटला.
दोन सूत.

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं
ते मोजायला माझ्याकडे पुस्तिका नाही.
अभिमान म्हणावा, तर हात कपाळाला लावलेला.
सव्वीस वर्षं गुडघ्यांवर काढली, बाई.
हिला खुर्ची मिळावी म्हणून आलो होतो.
बँकेतली. फिरणारी.

मी वास्तुरचना म्हटलं, आराखडे म्हटलं,
पदविका, शिष्यवृत्ती, वांद्र्याचं एक कॉलेज;
यादी छापलेलीच असते, मी फक्त खुणा करते.
त्यांनी फी विचारली. मोजून दिली.
अहवालाची चारपदरी घडी घातली,
तरी खिशात मावेना, मग तिच्या हातात दिला.

रविवारी दोघं आले, मी न बोलावता,
गोणीत सामान, गोणीवर तिची ओढणी.
तिनं दोरी धरली, त्यांनी थापी.
दुपारभर बोलणं एवढंच:
अजून जरा?
नको. पुरे.
आणि थापी थांबली.

फाईलमधली ती रेघ अजून कोरीच आहे.
कधीतरी उघडते, परत ठेवून देते.
संध्याकाळी मोरीत तांब्या उपडा केला
की पाणी क्षणभर थबकतं,
जसं कुणी आपल्याला नावानं हाक मारली का
ते बघावं,
आणि निघतं.