उणे नऊ

अल्माटीत फेब्रुवारी. खिडकीखालचा हीटर भाजतो, बोटं तरी गारच.
एकशे चौऱ्याऐंशी पानं, वाळवलेली, कागदी पाकिटांत,
प्रत्येकावर माझं तिरपं अक्षर: उतार, उंची, बुंध्याचा घेर.
रानटी सफरचंदं. ऑगस्टात घोड्यावरून उतरून
एकेक खुडलं तेव्हा हाताला वास येत होता.
आता नुसते क्रमांक.

एम.एस्सी. म्हणजे दिवसभर करतेस तरी काय,
आई फोनवर विचारते.
चिमूटभर पान गोठवून कुटते, आई.
पाण्यासारखं काहीतरी
दुसऱ्या पाण्यासारख्या कशात तरी ओतते
आणि थांबते.
मग?
मग पुन्हा पहिल्यापासून. कारण चुकलेलं असतं.

लारिसा किम चौतीस वर्षं ही प्रयोगशाळा सांभाळतेय.
म्हणते, पिपेट बंदुकीसारखं धरू नकोस,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतेस असं समज.
दुपारी तिचा डबा: गाजराची कोशिंबीर, लसूण, झणझणीत तिखट.
तिच्या आजीला आगगाडीत कोंबून
समुद्रकाठावरून इथे गवतात आणून सोडलं.
तिकडची कोबी इथे मिळेना, मग गाजर.
"भाजी बदलली, ठसका तोच," म्हणत
अर्धी माझ्या झाकणात वाढते.

सफरचंदाचं बी आईवर जात नाही, बापावरही नाही.
एका फळातल्या पाच बिया पेरा,
दारात पाच अनोळखी पाहुणे.
बाजारातल्या ज्या फळाला नाव आहे
ते एकाच झाडाचं कलम, कलमाचं कलम,
शंभर वर्षं तेच ते.
खाण तशी माती म्हणणारा
या डोंगरात कधी आलेला नसणार.

तक्त्यात रिकामी चौकट चालत नाही.
जिथे वाचता आलं नाही तिथे उणे नऊ लिहायचं.
शून्य नाही, सर बजावतात, शून्य वेगळं.
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
उणे नऊ म्हणजे पाहताच आलं नाही.

आमच्यात सात बाप पाठ लागतात.
सोयरीक जुळवताना विचारतात, पाहुणचारात विचारतात,
अडखळलं की म्हातारे नजर फिरवतात.
मी उल्बोसिन. नावाचा अर्थ, मुलगा होवो.
चौथी मुलगी मी, अर्थ कुणाला लागू पडलाच नाही.
माझा बाप मेइरमान. त्याचा झोलदास. त्याचा तिलेउ.
तिलेउ बत्तीसच्या दुष्काळात स्टेशनच्या फलाटावर सापडला,
वय अंदाजे चार. आपलं नाव तेवढं सांगता आलं.
बापाचं नाव विचारलं तर
म्हणे, "बाबा" म्हणाला.

थोरलीच्या लग्नात काकांनी उरलेली चार नावं
खणखणीत आवाजात घेतली. व्याही खूश.
घरी येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

आणि बापाकडून मुलाकडे जाणारा तो आखूड धागा
माझ्यात नाहीच.
ही तीन नावं माझ्यात आहेत ती फक्त तोंडी.

काल सरांनी नियम सांगितला:
दहा टक्क्यांहून जास्त उणे नऊ, तर झाड गाळायचं.
एकसष्ट नंबर गेलं. ओढ्यापलीकडचं,
वीज पडून चिरलेलं, तरी लगडलेलं.
तीनदा कुटलं मी ते पान. तीनदा काही नाही.

रात्री बसमध्ये उगाच हिशेब केला.
सातांतले चार.
सत्तावन्न टक्के.
हसू आलं, शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढली.

नियम बरोबरच आहे. ओळ मी स्वतः पुसली,
प्रबंधात एकशे त्र्याऐंशीच झाडं असतील,
आणि तळटीप.
पाकीट मात्र टाकलं नाही. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने:
मे महिन्यात पुन्हा जाणे. कोवळं पान घेणे.
ओढ्याला पाणी असेल, उंच बूट.
लारिसाला विचारणे, येते का.