कातरण

अमळनेर कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली,
माझं टेबल, माझा शिक्का, माझी शाई.
साडेअकराला ऊन टेबलाच्या पायाशी येतं
तेव्हा ललित आला, सुपडू शिंप्याचा नातू,
पिशवीत हप्त्यावरचं नवं कन्सोल
आणि रुमालात गुंडाळलेली पिवळी कॅसेट.

"काका, यातले खेळ त्याच्यात चालतात,
एम्युलेटर टाकायचा फक्त.
पन हाई कायदामा बसस का?
एक प्रतिज्ञापत्र करून द्या ना,
की कॅसेट आमचीच शे."

मी चष्मा पुसला.
बांधावरून भांडणाऱ्या भावांना सांगणं सोपं असतं.

"हे बघ. तुझे आजोबा.
गिऱ्हाईक जुना शर्ट टाकायचं समोर: असाच शिवा.
आजोबा कॉलर उलटून बघायचे, टाके मोजायचे
आणि तसाच शिवायचे. तसाच, पण आपल्या हातानं.
त्यात चोरी नाही.
एम्युलेटर म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राची शिवण बघून
शिवलेलं आपलं यंत्र.
पण कापड?
कापड गिऱ्हाइकाचं लागतं.
खेळ म्हणजे कापड.
रीतसर घेतलेल्या कॅसेटची एक प्रत, जपण्यापुरती,
कलम बावन्न चालवून घेईल, कदाचित."
(कदाचित हा आमच्या धंद्यातला
सगळ्यात प्रामाणिक शब्द.)
"नेटवरून उतरवलेलं ठाण परक्याचं.
आणि ज्या अटींवर तू न वाचता 'मान्य' दाबलंस
त्या वेगळ्याच. घर तुझं,
पण कडी आतून कंपनीच्या हातात."

मग कॅसेट उजेडात धरली.
स्टिकरवर: ९९९ खेळ.
होते सातच, फिरून फिरून तेच,
हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, मलाही.
शिलाई मशीनच्या मागं, पोत्याच्या पडद्याआड
ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही,
रुपयाला दहा मिनिटं, गजराच्या घड्याळावर.
सुपडूबाबा कॅसेटीत फुंकर मारायचे
तशीच, जशी बॉबिनवरचा धागा उडवायला.
मे महिन्यात दुपारी रणगाडा शेवटच्या भिंतीशी पोचायचा
आणि लाइट जायची.
माझे बारा रुपये असे गेलेत. ते मी अजून मोजतो.

कॅसेटवर कंपनीचं नाव नव्हतं.
गाव नव्हतं. साल नव्हतं.
म्हणजे जन्मापासूनच नक्कल.
नकलेची प्रत जपायला कलम नाही, ललित.

शिक्का मी ओला केला होता.
तो तसाच डबीत परत ठेवला.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.
बाबा खाटेवर, हात आता सुईत दोरा ओवत नाहीत.
हा माणूस लग्नाच्या ब्लाउजची बोटभर कातरणसुद्धा
घडी घालून परत द्यायचा,
"कापड तुमचं, चिंधी तुमची."
बाकीचे शिंपी हसायचे त्याला.
त्याच चिंध्यांच्या उशा करून विकायचे.

ललितनं सगळं सांगितलं, नको इतकं.
बाबा बराच वेळ कूलरकडे बघत बसले.
"नकली व्हती?"
"हो बाबा. जळगावच्या माणसानं तुम्हालाही फसवलं."
त्यांनी पेटीतून मापाची वही काढायला लावली.
कंबर, खांदा, बाहीची उंची,
आणि समासात, पेन्सिलीनं, रोजचे रुपये:
मंगळवार एकवीस. बुधवार सोळा.
शनिवार, बाजार, चव्वेचाळीस.
पान उलटत गेले. उलटतच गेले.

"मंग ते पैसा कोनले देवाना?"

नव्या कन्सोलचा निळा दिवा लुकलुकत होता,
कोणी सुरू केलं नाही.
मी, शिक्क्याचा माणूस, वीस वर्षांचा अनुभव,
कॅसेट पुन्हा उलटी करून
पत्ता शोधत होतो.
मागं चार स्क्रूंची जागा होती.
स्क्रू तीनच.