खोपकरला मारण्याआधी

पहिल्या पानावर मरायचा आहे विद्याधर खोपकर,
नेरुळ, सेक्टर वीस, सोसायटीचा खजिनदार.
मरायला एवढं पुरेल असं वाटलं होतं.

पण नुसत्या नावाला विष चढत नाही.
म्हणून दिला त्याला डावा गुडघा, दुखरा,
पावत्या सुतळीत ओवून ठेवायची खोड,
आणि रविवारी करावेच्या बाजारात
बोंबील उलटेपालटे करून
काहीच न घेता परतणं.
बायको माळकरी, हे मग आपोआप कळलं.

संशयित भराभर मिळाले :
लिफ्टच्या हिशोबावरून तोंड सोडणारी हेमलता गावंड,
सुट्ट्यांऐवजी गोळ्या टेकवणारा औषधवाला कुरूप,
आणि एक भाचा. भाचा लागतोच.

खुनी तेवढा कोरा.
त्याला चेहरा नको होता, हात हवे होते.
कुणाकुणाचे लावून पाहिले, बसेनात.
शेवटी वडिलांचे दिले,
रात्री घड्याळाला चावी देणारे,
दोन बोटांत, स्प्रिंग दुखू नये इतपत.
त्या हातांनी दुधात पूड ढवळली
तेव्हा चमचा पेल्याला लागला नाही.
लागणार नव्हताच.
शेजारच्या खोलीत आई झोपलेली असायची.

तिथे पेन ठेवलं.

काल खोपकरने मार्चपर्यंतचा मेंटेनन्स आगाऊ भरला.
हे मी लिहिलेलं नाही.
आत्ता तो खाडीकडच्या खिडकीत
गुडघा चोळत फ्लेमिंगो मोजतोय,
एकशे बाराला चुकतो,
पुन्हा एकपासून.

दुधावर साय धरलीय.
मोजू दे.