खरी नक्कल

लाल कापडाचे सात रुमाल
बोलेरोच्या मागच्या सीटवरनं आणले त्यांनी,
बेल्ट लावून.
कसबा बावड्याच्या कोर्टात बुधवारी तारीख आहे,
म्हणाले हंबीरराव तुरंबेकर,
तेवढं माळाचं बघा, ओढ्यापासनं वरचं,
कुणाच्या वाट्याला गेलंवतं.

पानाला तीनशे. सहीशिक्क्यासकट.
मी टेबल पुसलं, पंखा बंद केला.

मोडीत आधी रेघ ओढतात पानभर,
मग अक्षरं टांगतात तिला
ओल्या कपड्यांसारखी, खेटून.
शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.
बोरू उचलायला सवड नव्हती कुणाला,
इनामं येत होती, कर्ज निघत होतं,
हुंडी, गहाणखत, दिवट्यांच्या तेलाचा खर्च,
एका सुनेच्या बाळंतपणाला तूप सव्वादोन शेर,
आणि नजराण्यासाठी काढलेले अडीचशे
व्याज खात तीन पिढ्या फिरत राहिलेले.

एका सोडपत्राखाली
निशाणी बांगडीची.
सही न येणाऱ्या बाईची खूण ती.
वर लिहिलंय, कोम कैलासवासी सुभानराव.
मनगटं उघडी झालेली असताना
कागदावर कुणीतरी तिला बांगडी काढून दिली
आणि आमराई घेतली.

पाचव्या रुमालात वाटणीपत्र. शके सतराशे बेचाळीस.
माळ, ओढ्यापासनं वरचा, धाकट्याकडं.
हेच हवं होतं. पेन्सिलीनं खूण केली.
त्याच्या खाली, एका दमात,
म्हैसदुभतीएककुणबीणगोदीएकहंडेतांब्याचेदोन

गोदी मला आधी म्हशीचं नाव वाटलं.
इकडनं तोडून बघितलं, तिकडनं तोडून बघितलं.
म्हैस चाळीस. गोदी पस्तीस. हंडे बारा.

ती ओळ सोडा, हंबीरराव फोनवर,
जमिनीशी काय संबंध तिचा?
आणि पोरीचं जमतंय आमच्या,
असले कागद गावभर होतात.
आवाजात वाईटपणा नव्हता.
मागं कुकरची शिट्टी झाली,
दोन झाल्या गं, असं कुणाला तरी सांगून
ते परत माझ्याशी बोलायला लागले.

उरलेली पानं मी तिच्यासाठी चाळली,
हिशेबात न धरता.
गोदी पुन्हा नाही.
लुगड्याच्या खर्चात नाही, औषधात नाही,
मेल्याची नोंद नाही, पळाल्याचीही नाही.
हंडे आहेत. शके सतराशे एकावन्नला
एक गळायला लागला,
डाग लावायला सहा आणे.

शनिवारी रात्री सगळं टाइप केलं.
खाली नेहमीचं वाक्य:
मुळाबरहुकूम नक्कल खरी असे.
मुळात नव्हती अशी एकच गोष्ट घातली,
तिच्या नावाच्या अलीकडं मोकळी जागा,
पलीकडं मोकळी जागा.

बुधवारी काही झालं नाही, पुढची तारीख पडली.
अठ्ठावीस पानांचे पैसे द्यायचे होते.
सत्तावीस धरू का, हंबीरराव म्हणाले,
नोटा मोजताना थांबून.
मग म्हणाले, राहू दे.