पाणी म्हणजे शून्य

मुहर्रकला रात्रपाळीत खोली गारठलेली असते,
बाहेर ऑगस्ट काचेला ओलं फडकं लावून उभा.
मी अंधारात. दोन पडदे, साय धरलेला करक चहा,
आणि माणसांचे काप,
सुरळीच्या वडीइतके पातळ, करडे.

आमच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य.
हाड हजाराच्या दिशेला, हवा उणे हजार,
चरबी पाण्याच्या थोडी खाली: उणे चाळीस, उणे ऐंशी.
हे मिरजेला खुपेरकर सरांच्या आधी
आईनं शिकवलं होतं, आमटीवरची तुपाची चकती दाखवून.
जे वर तरंगतं ते आकड्यात खाली, एवढंच नवीन होतं.
सर म्हणायचे, दिसतं ते आधी लिही, वाटतं ते शेवटी,
आणि मध्ये एक ओळ मोकळी सोड.

हिद्दच्या गोदीतले वेल्डर, इब्राहिम हुर्जूक, वय एकावन्न,
मुतखडा शोधायला आले होते.
खडा नव्हताच.
उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला एक गाठ,
तीन सेंटिमीटर, तिच्या पोटात काळोखाचे ठिपके.
सर्वात काळ्या ठिपक्यावर मी बारीक वर्तुळ ठेवलं.
उणे त्रेसष्ट.
खुर्चीत मागे रेलले.

रक्तवाहिन्या, स्नायू, चरबी,
तिघांनी मिळून थाटलेलं बिऱ्हाड, घरमालकाला न विचारता.
पुस्तकात याला सौम्य म्हणतात.
फार वाढली तर फुटून रक्त सांडते,
पण तेवढं तर सौम्य माणसांचंही होतं.

"बाई, सरल सांगा, ता काय हाय?"
चरबीची गाठ. कॅन्सर नाही. वर्षानं पुन्हा बघू.
"मंग कंपनीला काय सांगू?"
कंपनीकडे दोनच रकाने, फिट आणि अनफिट.
माझ्याकडे काळ्या-पांढऱ्याच्या मधले इतके रंग
की त्यांना नावं देताना मराठी संपते:
राखाडी, धुरकट, शिळ्या भाताच्या पेजेसारखा...
ते पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "काजू!"
फोटो काढून दाभोळला पाठवला.
बायकोचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला:
"कापू नुको देव. हाय तिथं ऱ्हाव दे."

पहाटे चारला दुसरी फाइल.
मुनीरा अल-बिनाली, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका.
टेबलावर झोपताना त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं होतं,
गोल आहे का? गोल असेल तर बरं.
त्यांचे आजोबा मोती पारखायचे,
घरात गोलाईला भाव होता.

गोल आहे, बाई. कर्कटकानं काढावी अशी.
आणि मधोमध एक व्रण, चांदणीसारखा, हात पसरलेला,
त्याच्याकडून कडेकडे बैलगाडीच्या चाकाचे आरे.
परीक्षेत हेच चित्र आलं होतं.
मी खूश होऊन लिहिलं, ऑन्कोसायटोमा, सौम्य,
आणि दहापैकी दहा मिळाले.

त्यानंतरच्या अठरा वर्षांत
हीच चांदणी मी वाईट गाठींच्या पोटातही पाहिली आहे,
तितकीच रेखीव. एकदा तर जास्तच.
वर्तुळ ठेवून बघितलं. चरबी नाही. इथे तूप वर येत नाही.
वर्तुळ हलवलं, पुन्हा ठेवलं,
जणू आकडा माझ्या आग्रहाला भुलेल.

दिसतं ते लिहिलं: आकार, कड, व्रण, रंग कधी चढला, कधी उतरला.

एक ओळ मोकळी सोडली.

मग लिहिलं, सौम्य असण्याची शक्यता बरीच.
केवळ चित्रावरून खात्री देता येत नाही.
सुईनं तुकडा घेऊन तपासावा.

"बरीच" खोडलं.
फज्रची अजान झाली. चहा बेसिनमध्ये ओतला, कप विसळला.
"बरीच" पुन्हा लिहिलं.