कधीपासून

मेडिकलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"
हा म्हणाला, "कालपासून.
थोडं गॅससारखं होऊन राहिलं, बस."

मला वाटलं, खरंच त्याला कालचंच आठवत असेल.

मला मारबत आठवते.
इतवारीत काळी-पिवळी समोरासमोर आल्या होत्या,
सारी गल्ली ओरडत होती, घेऊन जा गे मारबत!
आणि हा पानठेल्याच्या बाकड्यावर टेकला.
म्हणे, इथूनच चांगलं दिसते.
तिथून फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या.

मग टूलबॉक्स.
तीस वर्षं डाव्या हातात,
दिवाळीनंतर उजव्यात गेला.
मी विचारलं नाही. डाव्या हाताला कामं काय कमी असतात?

आमचा जिना सतरा पायऱ्यांचा.
नवव्या पायरीवर हेडाऊंची खिडकी.
तिथं थांबून हा त्यांचा कूलर ऐकायचा,
"बेअरिंग चाललं बे यांचं," म्हणायचा.
जानेवारीतही ऐकायचा,
कूलर माळ्यावर चढवलेला असताना.

संक्रांतीला जबडा धरून बसला. दाढ, म्हणाला.
दाताच्या डॉक्टरनं काढलीसुद्धा.
चांगली होती बिचारी.

घामाचं मात्र मीच चुकले.
मे महिन्यात नागपुरात कोण कोणाचा घाम मोजतो?
शेजचाळीसच्या उन्हात गच्चीवर चढून
लोकांच्या कूलरांना नवे पंप लावणारा माणूस,
त्याचा शर्ट वाळतो कधी?

पण आज पहाटे चारला,
खसच्या ओल्या वाऱ्यात, कूलरच्या तोंडाशी,
त्याचं बनियन पिळून घ्यावं असं झालं होतं,
आणि पाठीला हात लावला तर
माठाच्या बुडासारखी गार.

"इनो दे," म्हणाला. "लिंबू दे.
धरमपेठेत दोन पंप बसवायचे आहेत सकाळी."
मी काहीच दिलं नाही.
दाराला कुलूप लावलं, हेडाऊंच्या पोराला उठवलं,
ऑटो काढायला लावला.

आता बाईंचा पेन थांबलेला.
"मारबतीपासून," मी म्हटलं.

त्या इकडच्या नसाव्यात.
"म्हणजे?"

हा आडवा, छातीवर वायरी चिकटवलेल्या,
छताकडे पाहत हळूच म्हणाला,
"तान्ह्या पोळ्याचा दिवस, बाई.
नऊ महिने झाले."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
वॉर्डातला कूलर खडखडत होता.
त्यावर तो काहीच बोलला नाही.